हळद, पावसाळा आणि पाव मिलिमीटर

“आज वरण एवढं पिवळं कसं?” या एका प्रश्नावरून मागच्या जुलैत आमच्या हॉस्टेलमध्ये जे रामायण घडलं, ते बहुतेकांना माहीत आहे. त्यामागचं रसायनशास्त्र मात्र फार थोड्यांना माहीत आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूक किती होती हे तर कोणालाच माहीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं, की त्या रात्री टेबलावर कोणीतरी म्हणालं, “हळदीत भेसळ आहे.” लगेच दुसऱ्याने मेटॅनिल यलोचं नाव घेतलं. हा कापड, कातडं, कागद रंगवायचा पिवळा रंग. खाण्याच्या पदार्थात वापरायला बंदी आहे, पण हळदीत सापडतो म्हणून बदनाम आहे. मी केमिकलचा, थर्ड इयरचा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. “मार्चमध्ये तू हळदीवरच मिनी प्रोजेक्ट केलंस ना? मग सांग तपासून!” मीही जरा फुशारकीतच म्हणालो, “उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो.”

गंमत इथपर्यंतच होती. दोन दिवसांनी मेस कमिटीची मीटिंग होती आणि मेसवाल्या काकांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही, हे त्याच मीटिंगमध्ये ठरणार होतं.

मी काय केलं?

पद्धत सोपी होती: थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे आपली टीएलसी. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिका जेलचा पातळ, पांढरा थर बसवलेला असतो. त्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलने एक रेघ मारायची. (पेनने नाही! पेनची शाई स्वतःच वर चालू लागते. फर्स्ट इयरला हा विनोद प्रत्येक बॅचमध्ये एकदा होतोच.) रेघेवर नमुन्याचा बारीक ठिपका ठेवायचा आणि पट्टी झाकणाच्या भांड्यात थोड्याशा सॉल्व्हंटमध्ये उभी करायची. स्टोव्हच्या वातीत रॉकेल चढतं तसा सॉल्व्हंट थरातून वर चढतो आणि नमुन्यातल्या पदार्थांना बरोबर ओढत नेतो. पण सगळ्यांना सारखं नेत नाही. कोणी पुढे जातं, कोणी मागे रेंगाळतं. ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले सॉल्व्हंटने कापलेलं अंतर, म्हणजे आरएफ.

हळदीचा पिवळा रंग एका पदार्थाचा नसतो. त्यात तीन भावंडं असतात: कर्क्युमिन, डीमिथॉक्सी-कर्क्युमिन आणि बिसडीमिथॉक्सी-कर्क्युमिन. सिलिकाच्या थरावर, क्लोरोफॉर्ममध्ये थोडंसं मेथॅनॉल घालून पट्टी चालवली की एकाखाली एक तीन पिवळे ठिपके दिसतात. सगळ्यात वर कर्क्युमिन. मार्चमध्ये माझ्या जर्नलमध्ये हे तीन ठिपके सुरेख आले होते. वरचा जवळपास अर्ध्या वाटेवर आणि बाकीचे दोन त्याच्या खाली, एकमेकांपासून सुटे.

जुलैत मेसची हळद चालवली, तर वरचा ठिपका पाऊण वाटेच्याही पुढे! खालचे दोन एकमेकांना चिकटून लांबट शेपूट झालेले. मी जर्नल उघडलं, मार्चचे आकडे पाहिले आणि निष्कर्ष काढला: हे कर्क्युमिन नव्हे. रात्रीच एका कागदावर लिहून टाकलं, “नमुन्यातील पिवळा पदार्थ कर्क्युमिनशी जुळत नाही.” मेस सेक्रेटरीने कागद वाचला आणि म्हणाला, “बास! एवढंच पाहिजे होतं.”

मामांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये भांडी धुवायला गेलो. आमच्या लॅबमधले मामा पंचवीस वर्षं तिथेच आहेत. त्यांनी पट्टी उचलून उजेडात धरली.

“प्लेटा कुठल्या वापरल्या?”

“त्या अर्ध्या खोक्यातल्या.”

“खोकं कधी फोडलं?”

“मार्चमध्ये.”

“आणि ठेवलं कुठे?”

मी बेसिनशेजारच्या कपाटाकडे बोट दाखवलं. खोक्याचं झाकण उघडंच होतं. मामा हसले. “अहो साहेब, बाहेर चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, आणि तुमची प्लेट कोरडी राहील होय?”

खरं सांगतो, तोपर्यंत मी त्या पांढऱ्या थराचा कधी विचारच केला नव्हता. सॉल्व्हंट कोणता, नमुना किती, ठिपका केवढा याचा विचार करायचो. थर म्हणजे आपला रस्ता. तो काय करणार? पुस्तकातही त्याला स्टेशनरी फेज म्हणतात, म्हणजे जागचा न हलणारा. जो हलत नाही तो काही करत नाही, असा माझा भाबडा समज. (हॉस्टेलवर असे बरेच स्टेशनरी फेज आहेत, पण तो विषय वेगळा.)

थरात नेमकं काय असतं?

सिलिका जेल म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं सच्छिद्र जाळं. टीएलसीसाठी सर्रास वापरतात त्या सिलिकाच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ साधारण ५०० चौरस मीटर भरतं. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटरचं असतं. म्हणजे चिमूटभर पावडरीत तीन कोर्टं! हे सगळं पृष्ठफळ छिद्रांच्या आतल्या भिंतींचं. खोक्यावर “सिलिका जेल ६०” लिहिलेलं असतं, त्यातले ६० म्हणजे छिद्राचा सरासरी व्यास, ६० अँगस्ट्रॉम म्हणजेच ६ नॅनोमीटर.

या भिंतींवर सिलॅनॉल गट असतात, म्हणजे सिलिकॉनला जोडलेले ओएच. खरं काम तेच करतात. ज्या रेणूत ओएच, एनएच, कार्बोनिल असे ध्रुवीय गट असतील त्याला ते हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. पुन्हा सोडतात, पुन्हा धरतात. यालाच अधिशोषण म्हणतात.

आपल्या गावातल्या गल्लीचं उदाहरण घ्या. ज्याच्या ओळखी कमी, तो गल्लीतून सरळ पार होतो. ज्याच्या ओळखी जास्त, त्याला प्रत्येक दारातून हाक येते, “अहो, या की, चहा घेऊन जा!” चाल दोघांची सारखीच, पण दुसऱ्याला पोचायला दुपार होते. सिलॅनॉल गट म्हणजे ती दारं. पदार्थ जितका ध्रुवीय, तितक्या त्याच्या ओळखी जास्त आणि तितका तो मागे.

आता हळदीची तीन भावंडं पाहा. तिघांच्याही दोन्ही टोकांना फिनॉलचा ओएच असतो. कर्क्युमिनमध्ये त्या दोन्ही ओएचच्या शेजारी एकेक मिथॉक्सी गट असतो, दुसऱ्यात एकाच टोकाला, तिसऱ्यात एकाही नाही. शेजारी मिथॉक्सी असला की ओएच त्याच्याशीच आतल्या आत हायड्रोजन बंध करतो. घरच्याच माणसाशी बोलण्यात गुंग असलेल्याला दारातली हाक ऐकू येत नाही, तसं. म्हणून कर्क्युमिन सगळ्यात पुढे, आणि दोन्ही ओएच मोकळे असलेलं बिसडीमिथॉक्सी सगळ्यात मागे. मार्चमध्ये मी हा क्रम जर्नलमध्ये लिहिला होता, पण कारण व्हायव्हात कोणी विचारलं नाही आणि मीही शोधलं नाही.

पाणी आलं की काय होतं?

नव्या बुटांच्या खोक्यात किंवा गोळ्यांच्या बाटलीत जी छोटी पुडी निघते ना, “खाऊ नये” लिहिलेली, तिच्यात सिलिका जेलच असतं. हवेतली ओल शोषणं हेच त्याचं काम. आपल्या प्लेटवरची सिलिका त्याच कुळातली. पावसाळ्यात ती काय वेगळं वागणार?

पाण्याचा रेणू सिलॅनॉलला घट्ट चिकटतो. दारादारात आधीच पाहुणा बसलेला असला की रस्त्याने जाणाऱ्याला कोण बोलावणार? म्हणून दमट प्लेटवर पदार्थ कमी धरले जातात, आरएफ वाढतो आणि ज्यांच्यातला फरक मुळात या दारांमुळेच होता ते एकमेकांत मिसळू लागतात. माझ्या पट्टीवर नेमकं हेच झालं होतं. भेसळ हळदीत नव्हती. माझ्या थरात पाण्याची भेसळ होती!

हे ज्ञान जुनं आहे. ॲल्युमिना या दुसऱ्या शोषकासाठी ब्रोकमन आणि शोडर यांनी १९४१ मध्येच पाण्याच्या प्रमाणावरून श्रेणी ठरवल्या. अगदी कोरडा तो पहिल्या श्रेणीचा, सर्वांत जोरकस. ३ टक्के पाणी घातलं की दुसरी, ६ टक्क्यांना तिसरी, १० ला चौथी, १५ ला पाचवी. म्हणजे बाटली तीच, पावडर तीच, पण नुसत्या पाण्याने पाच वेगवेगळे शोषक तयार होतात.

यावर उपाय म्हणजे प्लेट ॲक्टिव्हेट करणे: ओव्हनमध्ये ११० अंशांना अर्धा तास ठेवायची आणि डेसिकेटरमध्ये गार करायची. वरवर बसलेलं पाणी निघून जातं. तापमान फार वाढवू नये, कारण कित्येक शे अंशांवर शेजारचे सिलॅनॉल गटच एकमेकांना जोडले जाऊन नाहीसे होतात आणि मग धरायला कोणी उरत नाही. दुसरी मेख अशी, की ओव्हनमधून काढलेली प्लेट दमट हवेत काही मिनिटांतच पुन्हा पाणी पिते. आपण निवांत ठिपके ठेवत बसलो, तर अर्ध्या तासाची मेहनत तिथेच वाया.

थोडा इतिहास

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचे रंग वेगळे केले आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. नळी उलगडून सपाट करायची कल्पना १९३८ मध्ये खार्किवच्या इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी प्रत्यक्षात आणली. त्यांनी काचेवर ॲल्युमिनाचा सुटा थर पसरून औषधी वनस्पतींचे अर्क तपासले. पण थर सुटा, जोरात फुंकर मारली तर उडेल असा. १९५१ मध्ये अमेरिकेत किर्शनर आणि सहकाऱ्यांनी लिंबूवर्गीय फळांच्या तेलांवर काम करताना सिलिसिक आम्लात स्टार्च मिसळून थर काचेला चिकटवला. म्हणजे खळ लावली म्हणा ना!

पुढे जर्मनीत एगॉन श्टाल यांनी कणांचा आकार, थराची जाडी, चिकटवणारा पदार्थ हे सगळं ठरवून दिलं. १९५८ च्या सुमारास त्यांच्या नावाने तयार सिलिका बाजारात आली आणि टीएलसी जगभर पोचली. म्हणजे ही पद्धत लोकप्रिय झाली ती नवा सॉल्व्हंट सापडला म्हणून नव्हे, तर थर दरवेळी सारखा मिळू लागला म्हणून. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

खोक्यावरची अक्षरं त्याच काळापासून चालत आली आहेत. “जी” म्हणजे जिप्सम, थर चिकटून राहावा म्हणून घातलेलं. “एच” म्हणजे वेगळा चिकटवणारा पदार्थ नाही. “एफ २५४” म्हणजे थरात चमकणारी पूड मिसळली आहे, बहुधा मँगनीजयुक्त झिंक सिलिकेट. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली सगळी प्लेट हिरवी चमकते आणि तो प्रकाश शोषणारा पदार्थ काळ्या डागासारखा दिसतो. रंगहीन पदार्थ पाहायची ही सर्वांत सोपी युक्ती. “पी” म्हणजे प्रिपरेटिव्ह, जास्त माल वेगळा करण्यासाठी अर्धा ते दोन मिलिमीटर जाडीचा थर. तपासणीसाठीचा नेहमीचा थर काचेवर पाव मिलिमीटर असतो. आमच्या मेसचं कॉन्ट्रॅक्ट त्या पाव मिलिमीटरवर लटकलं होतं.

सिलिका सोडून दुसरं काय?

लॅबच्या कपाटात एकच खोकं असलं म्हणून जगात एकच थर असतो असं नाही. प्रोजेक्ट करणाऱ्यांच्या उपयोगासाठी थोडक्यात सांगतो.

ॲल्युमिना: आम्लधर्मी, उदासीन आणि अल्कधर्मी अशा तिन्ही प्रकारांत मिळतो. सिलिका किंचित आम्लधर्मी असल्यामुळे अमाइनसारखे पदार्थ तिच्यावर अडकून शेपटासारखे ओढले जातात. तिथे अल्कधर्मी ॲल्युमिना उपयोगी पडतो. किंवा सिलिकाच ठेवून सॉल्व्हंटमध्ये थोडा अमोनिया अथवा ट्रायएथिलअमाइन घालतात.

सेल्युलोज: इथे मुख्य काम अधिशोषणाचं नाही. तंतूंमध्ये धरून ठेवलेलं पाणी आणि वर चढणारा सॉल्व्हंट यांच्यात पदार्थाची वाटणी होते. अमिनो आम्लांसाठी हा थर चांगला. नंतर निनहायड्रिन फवारून गरम केलं की बहुतेक ठिपके जांभळे दिसतात. म्हणजे सिलिकावर पाणी खलनायक, तर सेल्युलोजवर तेच नायक!

किसेलगूर: डायॅटम या सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची माती. स्वतः फारसं काही धरत नाही, म्हणून काही प्लेटांवर खालची पट्टी याची करतात. ठिपका मोठा पडला तरी मुख्य थराच्या सीमेवर तो बारीक रेघेत गोळा होतो.

पॉलिअमाइड: नायलॉनच्या जातीचा थर. फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड यांना हायड्रोजन बंधाने छान धरतो.

आरपी-१८: सिलॅनॉलवर अठरा कार्बनांची साखळी जोडलेली सिलिका. दारांवर तेलकट पडदे सोडल्यासारखं. इथे न्याय उलटा: तेलकट पदार्थ अडकतो, ध्रुवीय पदार्थ पाण्याबरोबर पुढे पळतो. आपली हळदीची भावंडंही क्रम बदलतात. कर्क्युमिन मागे पडतं आणि बिसडीमिथॉक्सी पुढे जातं. म्हणजे पदार्थ तेच, पण रस्ता बदलला की पहिला तो शेवटचा! सॉल्व्हंटमध्ये पाणी फार झालं तर साधी आरपी-१८ प्लेट भिजतच नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

सिल्व्हर नायट्रेट लावलेली सिलिका: चांदीचा आयन कार्बनच्या दुहेरी बंधाला धरतो. तेलातल्या मेदाम्लांच्या एस्टरमध्ये ज्याला दुहेरी बंध नाही तो पुढे, एक असलेला मागे, दोन असलेला त्याच्याही मागे. ऑइल टेक्नॉलॉजीवाल्यांनी जरूर करून पाहावं. फक्त प्लेट अंधारात ठेवा, नाहीतर काळी पडते.

आणखी दोन गोष्टी थराशीच संबंधित. कण बारीक असले की ठिपके नेटके येतात. साध्या टीएलसीत कण साधारण १० ते १२ मायक्रॉनचे, तर एचपीटीएलसीत ५ ते ६ मायक्रॉनचे असतात. आणि सॉल्व्हंट जसजसा वर चढतो तसतसा मंदावतो. अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट लागतो. पाच सेंटिमीटरला दहा मिनिटं लागली तर दहा सेंटिमीटरला चाळीस. म्हणून “थोडं अजून वर जाऊ दे” म्हणत मेसची वेळ चुकवू नका.

मग हळदीचं काय झालं?

मामांच्या प्रश्नानंतर मी मॅडमकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. मॅडमनी एकच विचारलं, “स्टँडर्ड त्याच प्लेटवर होतं का?” नव्हतं. मी जुलैच्या प्लेटची तुलना मार्चच्या आकड्यांशी केली होती. आरएफ म्हणजे वितळबिंदूसारखा पदार्थाचा पक्का आकडा, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो पदार्थ, सॉल्व्हंट आणि थर या तिघांचा मिळून आकडा असतो. तिघांपैकी एक बदलला की आकडा बदलतो.

दुपारी नव्याने सुरुवात केली. प्लेट तापवली, डेसिकेटरमध्ये गार केली, भांड्यात फिल्टर पेपर लावून सॉल्व्हंटची वाफ भरू दिली. भरभर तीन ठिपके ठेवले: डावीकडे बाटलीतलं स्टँडर्ड कर्क्युमिन (त्यात तिन्ही भावंडं असतात), मध्ये मेसची हळद, उजवीकडे मेटॅनिल यलो. हा रंग आम्ल-अल्क दर्शक म्हणून आमच्याच कपाटात होता.

वीस मिनिटांनी प्लेट बाहेर काढली. डावीकडे तीन ठिपके, मध्ये तीन ठिपके, अगदी एका ओळीत. मार्चचे आकडे तंतोतंत आले नाहीत, जवळपास आले. पण आता त्याची गरजच नव्हती, कारण शेजारी स्टँडर्ड होतं. उजवीकडचा मेटॅनिल यलो सल्फोनेट गटामुळे सुरुवातीच्या रेघेला चिकटून बसला होता. मधल्या ओळीत त्या जागी पिवळं काहीच नव्हतं. मग मुद्दाम एक दमट प्लेटही चालवली. तिच्यावर स्टँडर्ड आणि मेसची हळद दोन्ही सारखीच वर पळाली. माझी चूक तिथे पुराव्यानिशी सिद्ध झाली.

अहवाल पुन्हा लिहिला. मॅडमनी “हळद शुद्ध आहे” हे वाक्य खोडायला लावलं. कारण लेड क्रोमेटसारखी भेसळ मेथॅनॉलमध्ये विरघळतच नाही, मग ती प्लेटवर दिसणार कुठून? म्हणून लिहिलं, “नमुन्यात मेटॅनिल यलो आढळला नाही. पिवळे घटक स्टँडर्डशी जुळतात.” जेवढं पाहिलं तेवढंच. मीटिंगमध्ये तो कागद वाचला गेला आणि आधीचा कागद मी सगळ्यांसमोर फाडला. कॉन्ट्रॅक्ट चालू राहिलं.

त्या रात्री मेसमध्ये जाऊन काकांना सांगितलं, की पहिला कागद माझाच होता. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बाळा, त्या दिवशी नवीन पोरानं हळद दोनदा टाकली होती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” आणि ताटात वरण वाढलं.

ज्युनिअर मित्रांनो, या वर्षी तुम्ही लॅबमध्ये जाल तेव्हा एवढं करा. खोक्याचं झाकण लावा. पावसाळ्यात प्लेट तापवा. जर्नलमध्ये सॉल्व्हंटबरोबर थराचं पूर्ण नाव लिहा आणि त्या दिवशीची हवाही लिहा. स्टँडर्ड नेहमी त्याच प्लेटवर ठेवा. आणि प्लेटवरून कोणाबद्दल काही लिहिणार असाल, तर आधी ती प्लेट नीट पाहा.

बेसिनशेजारचं ते कपाट आता रिकामं आहे. खोकं डेसिकेटरमध्ये असतं. किल्ली मामांकडे.